'क्वीन क्रिस्टिना' (१९३३) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फिल्म सोसायटीत जुने कृष्णधवल चित्रपट दाखवतो. त्यांत 'क्वीन क्रिस्टिना'चा खेळ झाला की प्रश्नांची रांग लागते. काही जण दारातच गाठतात, बाकीचे रात्री व्हॉट्सॲपवर विचारतात. तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. चित्रपट पाहायचा असेल आणि शेवट आधी कळायला नको असेल, तर पहिले दोन प्रश्न वाचून थांबा.

१. चित्रपट नेमका कशावर आहे? आणि किती लांब आहे?

सतराव्या शतकातल्या स्वीडनच्या क्रिस्टिना राणीवर. वडील रणांगणावर पडतात आणि पोरवयातच तिच्या डोक्यावर मुकुट येतो. मोठी झाल्यावर तिनं लग्न करावं म्हणून सगळा दरबार मागे लागतो आणि ती काही दाद देत नाही. एकदा पुरुषी वेशात फिरायला गेलेली असताना बर्फामुळे एका सराईत (मुसाफिरखान्यात) अडकते. तिथं स्पॅनिश वकील (म्हणजे राजदूत) अंतोनिओ भेटतो आणि मग जे व्हायचं ते होतं. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा चित्रपट, दिग्दर्शक रूबेन मामूलियन, राणीच्या भूमिकेत ग्रेटा गार्बो. लांबी पावणेदोन तासांच्या आत. न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ २६ डिसेंबर १९३३ रोजी झाला.

२. आधी स्वीडनचा इतिहास वाचून यावं लागेल का?

नाही. दोनच गोष्टी माहीत असल्या तरी पुरे. युरोपात तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांमध्ये तीस वर्षांचं युद्ध (१६१८ ते १६४८) चाललं होतं, आणि क्रिस्टिनाचे वडील गुस्ताव अडॉल्फ हे प्रोटेस्टंट बाजूचे सर्वांत मोठे सेनानी होते. ते १६३२ साली ल्युट्झेनच्या लढाईत मारले गेले. चित्रपट तिथूनच सुरू होतो. क्रिस्टिनाला तेव्हा सहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. तिच्या वतीनं कारभार पाहिला तो मुख्यत्वे चान्सलर ॲक्सल ओक्सेनस्टिएर्ना यांनी. नाव उच्चारताना बोबडी वळते, पण माणूस लक्षात ठेवा. पडद्यावर लुइस स्टोन यांनी त्यांना छान उभं केलंय.

३. ग्रेटा गार्बोचं एवढं काय कौतुक?

तिचे इतर चित्रपट पाहून मत ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा, पण हा एक पाहिलात तर प्रश्न उरणार नाही. गार्बो स्टॉकहोममध्ये १९०५ साली जन्मली, मूकपटांच्या काळात हॉलिवुडला गेली आणि बोलपट आल्यावरही टिकली. १९३२ साली करार संपल्यावर ती स्वीडनला निघून गेली होती. परत आल्यावरचा तिचा हा पहिला चित्रपट. एका स्वीडिश नटीनं स्वीडनच्या राणीची भूमिका करणं हे स्टुडिओलाही सोयीचं होतं. जाहिरातींत तिचं नुसतं आडनाव पुरायचं. १९४१ नंतर तिनं एकही चित्रपट केला नाही आणि १९९०मध्ये वारली. क्रिस्टिनासारखी तीही आपल्या मर्जीनं सिंहासन सोडून गेली, असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हाच चित्रपट असतो.

एक मात्र आहे. खरी क्रिस्टिना ठेंगणी होती आणि तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर होता. गार्बो उंच आणि रेखीव.

४. राणी खरंच पुरुषी कपडे घालायची की ही हॉलिवुडची फोडणी?

खरंच. जन्माच्या वेळी सुइणींना आधी मुलगाच झाल्यासारखं वाटलं होतं, हे तिनं स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. वडिलांनी तिला राजपुत्रासारखं शिक्षण द्यायचा हुकूम देऊन ठेवला होता. घोडेस्वारी, शिकार, राज्यकारभार, भाषा, सगळं. केसांकडे आणि कपड्यांकडे तिचं लक्ष नसे, आवाज जाड होता. राज्य सोडून स्वीडनबाहेर पडली तीही पुरुषी वेशात, काउंट डोना या नावानं.

चित्रपटात उलट एक गोष्ट सौम्य केली आहे. गार्बोच्या अंगावरचे पुरुषी कपडे वेशभूषाकार ॲड्रियननं असे शिवलेत की ती विस्कटलेली कुठेच वाटत नाही. खऱ्या राणीच्या बाह्यांना शाईचे डाग असायचे म्हणतात.

५. तिनं प्रेमापायी राज्य सोडलं, हे खरं आहे का?

नाही. चित्रपटातली सर्वांत मोठी थाप हीच. बाकीच्या चुका माफ करता येतात, पण ही केली नसती तर चित्रपट आणखी मोठा झाला असता, असं माझं मत.

खरा प्रकार असा. क्रिस्टिनाला लग्न करायचंच नव्हतं आणि ते तिनं परिषदेला स्पष्ट सांगितलं होतं. मग वारस कोण? तिनं १६४९ साली चुलत-आतेभावंडांतला कार्ल गुस्ताव पुढे केला आणि संसदेकडून मान्य करून घेतला. (याच्याशीच तिचं लग्न लावायचा घाट होता. पडद्यावर तो नुसता मिशीवाला शिपाईगडी आहे.) १६५१ साली तिनं पदत्यागाचा विचार पहिल्यांदा बोलून दाखवला, तेव्हा म्हाताऱ्या चान्सलरांनी आणि इतरांनी मनधरणी करून थांबवलं. अखेर ६ जून १६५४ रोजी उप्सालाच्या किल्ल्यात तिनं मुकुट उतरवला आणि त्याच दिवशी कार्ल गुस्तावचा राज्याभिषेक झाला.

दरम्यान ती मनानं कॅथलिक झाली होती. स्वीडनमध्ये कॅथलिक असणं कायद्यानंच बंद होतं, आणि बाप तर प्रोटेस्टंटांसाठी लढताना मेलेला. त्याची मुलगी पोपच्या पायाशी जाणार ही किती मोठी गोष्ट होती, याचा अंदाज करा. १६५४च्या नाताळच्या आदल्या रात्री ब्रुसेल्समध्ये तिनं गुपचूप धर्मांतर केलं. उघडपणे नोव्हेंबर १६५५मध्ये इन्सब्रुकला. लग्नाला नकार, धर्म, आणि कुणाच्याही तंत्रानं न जगण्याची हौस, ही तीन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवाय तिजोरी. तिनं सरदारक्या आणि सरकारी जमिनी अशा काही वाटल्या होत्या की कारभाराच्या नाकी नऊ आले होते. यातलं पडद्यावर जवळजवळ काहीच नाही. धर्म, पैसा आणि एकटं राहण्याची इच्छा यांपेक्षा बर्फात अडकलेलं प्रेम विकायला सोपं असतं.

मुकुट उतरवण्याचा प्रसंग मात्र नीट पाहा. काउंट पेर ब्राहे यांनी मुकुट काढून घ्यायचा असं ठरलं होतं, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी तिनं स्वतःच तो काढला. चित्रपटातही मुकुट तिच्याच हातांनी उतरतो.

६. अंतोनिओ नावाचा कुणी खरंच होता का?

होता. अंतोनिओ पिमेंतेल दे प्रादो, स्पेनच्या चौथ्या फिलिपचा वकील. १६५२ साली स्टॉकहोमला आला आणि राणीच्या खास विश्वासातला झाला. त्यावरून तेव्हाही कुजबुज झाली होती, म्हणजे पटकथेला अगदीच हवेतून काही काढावं लागलेलं नाही.

पण चित्रपटात तो स्पेनच्या राजाकडून लग्नाची मागणी घेऊन येतो, आणि इथं पटकथा तोंडघशी पडते. चौथ्या फिलिपनं १६४९ सालीच दुसरं लग्न केलं होतं. नवरा मुलगा आधीच बोहल्यावरून उतरलेला, मग मागणी कसली?

चित्रपटातल्यासारखा द्वंद्वयुद्धात तो मेलाही नाही. ब्रुसेल्सच्या त्या गुप्त धर्मांतराला (प्रश्न ५) हा गृहस्थ जातीनं हजर होता आणि पुढे १६५९ साली फ्रान्स-स्पेन तहाच्या वाटाघाटींत त्यानं काम केलं.

७. काउंट मॅग्नस एवढा दुष्ट होता?

दुष्ट म्हणण्यापेक्षा लाडावलेला. मॅग्नस गाब्रिएल दे ला गार्दी हा राणीचा खरोखरच आवडता सरदार होता. तिनं त्याला पदं दिली, आणि तिच्याच घराण्यातल्या मुलीशी, कार्ल गुस्तावच्या बहिणीशी, १६४७ साली त्याचं लग्न झालं. १६५३च्या अखेरीस तो मर्जीतून उतरला. पुढे मात्र तो स्वीडनचा चान्सलर झाला. जमाव भडकवणं आणि तलवारीनं प्रतिस्पर्ध्याचा काटा काढणं हा सगळा स्टुडिओचा मालमसाला. इयन कीथ यांनी तो चवीनं केलाय, हे कबूल.

८. राणी एब्बाच्या ओठांवर चुंबन घेते. १९३३ साली हे चाललं कसं?

हॉलिवुडची नैतिक नियमावली १९३०पासून कागदावर होती, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै १९३४पासून सुरू झाली. तेव्हापासून प्रमाणपत्राशिवाय चित्रपट बाहेर पडेना. 'क्वीन क्रिस्टिना' त्याच्या सहा-सात महिने आधी येऊन गेला. सराईत दोन परकी माणसं एकाच पलंगावर रात्र काढतात, राणी पुरुष समजून घेतली जाते, आणि नंतर दोघांपैकी कुणालाही पश्चात्ताप होत नाही. वर्षभरानं हे जसंच्या तसं जाणं कठीण होतं.

एब्बा स्पारे ही खरी. राणीची सखी, सुंदर म्हणून प्रसिद्ध, आणि तिनं लग्न केलं ते मॅग्नसच्याच भावाशी, याकोबशी. स्वीडन सोडल्यावरही क्रिस्टिनानं तिला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत आणि ती फार हळवी आहेत. त्यावरून राणीच्या मनाविषयी इतिहासकारांत वाद आहेत आणि राहतील. चित्रपट चुंबन दाखवून पुढे जातो, निवाडा करत नाही. म्हातारे चान्सलर म्हणतात, महाराज, तुम्ही अविवाहित म्हातारी म्हणून मरायचं नाही. ती उत्तर देते, तसा माझा विचारही नाही, मी ब्रह्मचारी म्हणून मरेन! या एका उत्तरात बरंच काही आहे. आमच्याकडे दर खेळाला इथं हशा पिकतो.

९. सराईतल्या खोलीत ती नुसती वस्तूंना हात लावत फिरते. तो प्रसंग एवढा नावाजलेला का?

संवाद नाही म्हणून कंटाळा येतो, असं काही जण लिहितात. त्यांनी एकदा फक्त हातांकडे बघत तो प्रसंग पाहावा.

बर्फ पडतंय, दोघं आणखी तिथंच थांबलेत. अंतोनिओ पहुडलेला आहे. गार्बो उठते आणि खोलीभर फिरते. भिंतीवरून हात फिरवते, सूतकताईच्या चरख्याशी थांबते, आरशात पाहते, उशीवर गाल टेकते, पलंगाच्या खांबाला मिठी मारते. तो विचारतो, काय करतेस? ती म्हणते, ही खोली पाठ करतेय. पुढे आठवणीत मला इथं पुष्कळ राहायचंय.

मामूलियननं हा प्रसंग मेट्रोनोमच्या ठोक्यावर चित्रित केला. मेट्रोनोम म्हणजे संगीत शिकताना ताल धरायला वापरतात ते टकटक करणारं यंत्र. प्रत्येक पाऊल, प्रत्येक वळण त्या लयीत. म्हणून पाहताना ते चालणं वाटत नाही आणि नाचही वाटत नाही, मधलंच काहीतरी वाटतं. मामूलियन रंगभूमीवरून आलेला माणूस, पुढे ब्रॉडवेवर मोठमोठ्या संगीतिका त्यानं बसवल्या. लय त्याच्या अंगातच होती. छायालेखक विल्यम डॅनियल्स गार्बोच्या बहुतेक हॉलिवुडपटांचे. तिच्या चेहऱ्यावर उजेड कुठून टाकायचा हे त्यांना झोपेतही कळत असावं.

थोडं आधी याच सराईत आणखी एक झकास जागा आहे. राणीला गेल्या वर्षभरात प्रियकर किती, सहा की नऊ, यावर दारुडे हमरीतुमरीवर येतात. पुरुषी वेशातली राणी पिस्तूल झाडते, टेबलावर चढते आणि निकाल देते : बारा!

१०. शेवटच्या दृश्यात ती काय विचार करत असते?

काहीच नाही. शब्दशः.

अंतोनिओ मेलाय, जहाज निघालंय, ती जहाजाच्या पुढच्या टोकावर उभी आहे आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे सरकत सरकत येतो आणि तिथंच राहतो. मामूलियननं सांगितलेली हकिगत अशी की गार्बोनं विचारलं, चेहऱ्यावर काय आणू? तो म्हणाला, काही आणू नकोस, मनात कुठलाही विचार येऊ देऊ नकोस, चेहरा कोऱ्या मुखवट्यासारखा ठेव. जे भरायचं ते प्रेक्षक भरतील.

आणि भरतात. आमच्याकडेच एका बाईंना ती दगड झालेली वाटली होती, त्यांच्या शेजारच्या काकांना सुटल्याचं समाधान दिसलं होतं. रडणं सोपं होतं, स्टुडिओला ते आवडलंही असतं. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी गार्बोच्या चेहऱ्यावर स्वतंत्र टिपण लिहिलं, तेही याच चित्रपटावरून.

११. लॉरेन्स ऑलिव्हिए आधी नायक होता म्हणे?

हो. तरुण ऑलिव्हिएला इंग्लंडहून बोलावलं होतं, पण गार्बोबरोबर तालमीत काही जमेना आणि त्याला परत पाठवलं. मग गार्बोनं जॉन गिल्बर्टचा आग्रह धरला. दोघांनी मूकपटांच्या काळात तीन चित्रपट एकत्र केले होते आणि त्यांचं प्रेमप्रकरण जगजाहीर होतं. बोलपट आल्यावर गिल्बर्ट घसरला. आवाज चिरका होता ही दंतकथा. या चित्रपटात ऐका, आवाज ठीकच आहे. स्टुडिओच्या प्रमुखाशी बिनसलं होतं, दारू होती. जुन्या मैत्रिणीनं हात दिला, पण फार उपयोग झाला नाही. त्यानंतर त्याचा एकच चित्रपट आला आणि जानेवारी १९३६मध्ये तो गेला. हे माहीत असलं की त्याच्या डोळ्यांतला थकवा वेगळाच दिसतो.

१२. देकार्त या तत्त्वज्ञाला राणीनं पहाटे उठवून मारलं, ते यात का नाही?

मारलं नाही, पण कारण ठरली. रने देकार्त १६४९च्या हिवाळ्याच्या तोंडावर स्टॉकहोमला आला. राणीला शिकवणी हवी होती पहाटे पाचला आणि त्याला आयुष्यभर उशिरा उठायची सवय. फेब्रुवारी १६५०मध्ये न्यूमोनियानं तो गेला. चित्रपटाची मुख्य कथा नंतरच्या काळातली आहे, त्यामुळे तो पात्र म्हणून येत नाही. राणीचं पहाटे उठून पुस्तकात बुडणं आणि तोंडाला बर्फ चोळणं मात्र दाखवलंय.

१३. ती अंथरुणात मोलिएर वाचताना दिसते. बरोबर आहे का?

शाबास, ही चूक फार थोड्यांच्या लक्षात येते. लग्न ही भयंकर गोष्ट आहे असं म्हणणारी जी वाक्यं ती वाचून दाखवते, ती ज्या नाटकातली आहेत ते पॅरिसच्या रंगमंचावर आलं १६५९मध्ये. राज्य सोडून तिला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

१४. पदत्यागाची तारीख कुठे ६ जून, कुठे १६ जून. खरी कुठली?

दोन्ही. स्वीडन तेव्हा जुन्या, ज्युलियन कालगणनेवर होतं आणि १७५३पर्यंत राहिलं. नव्या ग्रेगोरियन कालगणनेप्रमाणे दहा दिवस मिळवायचे. तिचा जन्म ८ की १८ डिसेंबर १६२६, हा घोळही तोच. आपल्याला यात नवल वाटायला नको, शिवजयंतीच्या तारखेवरून आपण कमी वाद घातलेले नाहीत. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच. म्हणजे उप्सालात तिनं मुकुट उतरवला, त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी रायगडावर महाराजांनी छत्र धारण केलं. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण तो लक्षात राहतो.

१५. चित्रपटात ती शांततेसाठी झटते. तेवढं तरी खरं ना?

अर्धं. तीस वर्षांचं युद्ध संपवणारा १६४८चा वेस्टफालियाचा तह लवकर व्हावा म्हणून तिनं जोर लावला होता, चान्सलरांच्या मनाविरुद्धही. पण त्याच वर्षी स्वीडिश फौजांनी प्रागमधला सम्राटांचा कलासंग्रह लुटला आणि ती लूट राणीला हवीच होती. 'सैतानाचं बायबल' म्हणून ओळखलं जाणारं अवाढव्य हस्तलिखित तेव्हाच आलं. ते आजही स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. उत्तमोत्तम चित्रं तर तिनं जाताना बरोबर नेली. पडद्यावरची राणी एवढी हिशेबी नाही. मला खरी जास्त आवडते.

१६. राज्य सोडल्यावर तिचं पुढे काय झालं?

चित्रपट जिथं संपतो तिथून आणखी पस्तीस वर्षं ती जगली, तीही दणक्यात. १६५५च्या डिसेंबरात रोमला पोहोचली, पोप सातव्या अलेक्झांडरनी थाटात स्वागत केलं. मग नेपल्सची राणी व्हायचा डाव मांडला. त्यात दगा दिला म्हणून स्वतःच्या नोकरीतल्या मोनाल्देस्की नावाच्या सरदाराला तिनं नोव्हेंबर १६५७मध्ये फ्रान्सच्या फोंतेनब्लो राजवाड्यात ठार मारवलं. गादी सोडली तरी राजाचे अधिकार आपल्याकडेच आहेत, असं तिचं म्हणणं. युरोप हादरला. पुढे पोलंडच्या गादीसाठीही नाव पुढे केलं, जमलं नाही. रोममध्ये संगीत, नाटक, ग्रंथ, विद्वान यांच्या गराड्यात राहिली. एप्रिल १६८९मध्ये वारली आणि सेंट पीटर्समध्ये पुरली गेली. तो मान फार थोड्या स्त्रियांना मिळालाय. तिची हस्तलिखितं व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत.

१७. राणीचा तो उंच, भुवयांच्या झुपक्यांचा म्हातारा नोकर कोण?

सी. ऑब्रे स्मिथ. क्रिकेटवाल्यांनी कान टवकारावेत : हे गृहस्थ इंग्लंडचे कसोटी कर्णधार होते. आयुष्यात एकच कसोटी खेळले, १८८९ साली दक्षिण आफ्रिकेत, त्यात नेतृत्व केलं आणि पहिल्या डावात १९ धावांत ५ बळी घेतले. हॉलिवुडमध्ये जाऊन क्रिकेट क्लबही काढला.

१८. ऑस्कर मिळालं का?

नामांकनसुद्धा नाही. गार्बोला स्पर्धेतलं ऑस्कर कधीच मिळालं नाही. १९५४ सालचं मानद तेवढं मिळालं, आणि ते घ्यायलाही ती गेली नाही.

१९. मुलांना दाखवावा का?

दहा-बारा वर्षांपुढच्यांना हरकत नाही. प्रश्न ८ आणि ९ मधल्या जागांवर ती काही विचारतील, उत्तरं तयार ठेवा. लहानग्यांना पहिली दहा मिनिटं आवडतात, कारण छोट्या राणीचं काम करणारी कोरा स्यू कॉलिन्स सिंहासनावर चढते ती खरोखर चढते, पायांना टेकू मिळत नाही म्हणून. त्यानंतर त्यांना सोडून द्या.